लपवायचं, पण कुणापासून?

वेबपेजवरचा एखादा घटक दिसेनासा करायला सीएसएसमध्ये सहज सात-आठ मार्ग सापडतील. पडद्याकडे पाहिलं तर सगळ्यांचा परिणाम सारखाच दिसतो: घटक गायब. घोटाळा इथेच सुरू होतो. डोळ्यांना काही दिसत नाही एवढ्यावर समाधान मानून आपण पुढच्या कामाला लागतो. मग कुणीतरी कळवतं की फॉर्मचं बटण दाबूनही काही होत नाही, अंध वाचकाला स्क्रीन रीडरवर मेनूच सापडत नाही, किंवा पानावर एका रिकाम्या जागी बोट लागलं की भलतीच लिंक उघडते. तिन्ही तक्रारी वेगळ्या वाटतात, पण कारण बहुतेक वेळा एकच असतं. लपवण्याचा मार्ग निवडताना घटक कुणापासून लपवायचा आहे, हे ठरवलेलंच नसतं.

ते आधी ठरवा. फक्त डोळ्यांपासून लपवायचा आहे का? पानाच्या मांडणीतली त्याची जागाही काढून घ्यायची आहे का? माउस, बोट आणि कीबोर्ड यांना तो सापडायला हवा की नको? आणि पान ऐकणाऱ्या माणसाला, म्हणजे त्याच्या स्क्रीन रीडरला? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की प्रॉपर्टी आपोआप ठरते. (लेखात कोडमधले शब्द नागरीत दिले आहेत, एडिटरमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.)

सगळ्यात जुना आणि सगळ्यात कडक मार्ग ‘डिस्प्ले: नन’. सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये शिफारस म्हणून जाहीर झाली, तेव्हापासून तो आहे. चारही प्रश्नांना त्याचं उत्तर एकच: लपव. ब्राउझर त्या घटकासाठी चौकटच तयार करत नाही. जागा नाही, क्लिक नाही, टॅब दाबून पोहोचता येत नाही, स्क्रीन रीडर वाचत नाही. आतल्या एखाद्या घटकाला ‘डिस्प्ले: ब्लॉक’ दिलं तरी तो बाहेर येत नाही, कारण पालकच मांडणीत नाही.

पण मांडणीतून गेलेला घटक एचटीएमएलमधून जात नाही. समजा, एका सार्वजनिक वाचनालयाच्या सभासदत्वाचा फॉर्म आहे. ‘विद्यार्थी’ निवडलं तर महाविद्यालयाचं नाव विचारणारी चौकट उघडते, नाहीतर ती ‘डिस्प्ले: नन’ असते. आता त्या लपलेल्या चौकटीला ‘रिक्वायर्ड’ लावलेलं असेल तर नोकरदार सभासद ‘पाठवा’ दाबत बसतो आणि काहीच घडत नाही. ब्राउझरला एक सक्तीची चौकट रिकामी दिसते, तिच्याकडे वाचकाला न्यायचं म्हटलं तर ती पडद्यावर नाही, म्हणून तो फॉर्म पाठवायचं थांबवतो. क्रोममध्ये याची नोंद फक्त डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलमध्ये उमटते. वापरणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. याची उलट बाजूही आहे. कुणी आधी ‘विद्यार्थी’ निवडून नाव भरलं आणि मग पर्याय बदलला, तर लपलेल्या चौकटीतलं ते नाव फॉर्मबरोबर सर्व्हरकडे जातंच. सीएसएस फॉर्मच्या व्यवहारात हात घालत नाही. म्हणून चौकट लपवताना तिला ‘डिसेबल्ड’ही करा. तीन-चार चौकटी एकत्र असतील तर त्या फील्डसेटमध्ये घालून फील्डसेटलाच ते लावा. डिसेबल्ड चौकट तपासलीही जात नाही आणि पाठवलीही जात नाही.

‘डिस्प्ले: नन’चे आणखी काही चटके. लपवलेला व्हिडिओ चालू असेल तर त्याचा आवाज येत राहतो. तो जावास्क्रिप्टने वेगळा थांबवावा लागतो. लपवलेल्या साध्या ‘आयएमजी’ टॅगमधलं चित्र डाउनलोड होतं, म्हणजे मोबाइलवर मोठं चित्र ‘लपवून’ वाचकाचा डेटा वाचत नाही. त्यासाठी ‘पिक्चर’ टॅग आणि पडद्याच्या रुंदीनुसार वेगवेगळ्या फाइली हा खरा उपाय, आणि चित्राला ‘लोडिंग’चं ‘लेझी’ हे मूल्य दिलं तर लपलेलं असेपर्यंत ते सहसा मागवलं जात नाही. बंद टॅबमध्ये नकाशा किंवा आलेख तयार केला तर त्याला स्वतःची रुंदी शून्य सापडते आणि टॅब उघडल्यावर अर्धवट करडा चौकोन समोर येतो. लीफलेट ही नकाशांची लायब्ररी वापरणाऱ्यांना हा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे. टॅब उघडल्यावर ‘इनव्हॅलिडेटसाइझ’ बोलावलं की नकाशा ताळ्यावर येतो. त्याहून बरं म्हणजे टॅब पहिल्यांदा उघडेपर्यंत नकाशा बनवूच नये.

‘व्हिजिबिलिटी: हिडन’ डोळे, हात आणि कान या तिघांपासून लपवतं, पण जागा सोडत नाही. रेल्वेतल्या आरक्षित पण रिकाम्या सीटसारखं ते असतं. कोष्टकातल्या ओळीत काही वेळा दिसणारं ‘बदला’ बटण किंवा चौकटीखाली येणारा चूक दाखवणारा संदेश अशा ठिकाणी ते उपयोगी पडतं, कारण घटक दिसला-लपला तरी बाकीचा मजकूर खालीवर उड्या मारत नाही. याचा एक स्वभाव मात्र लक्षात ठेवा. ही प्रॉपर्टी मुलांकडे वारशाने जाते आणि मूल ती नाकारू शकतं. पालकाला ‘हिडन’ आणि आतल्या एखाद्या घटकाला ‘व्हिजिबल’ दिलं की तेवढा घटक दिसू लागतो. मुद्दाम केलं तर ही सोय आहे. पण एखाद्या जुन्या स्टाइलशीटमध्ये कुणीतरी बटणांना ‘व्हिजिबिलिटी: व्हिजिबल’ लावून ठेवलेलं असतं आणि बंद केलेल्या मेनूमधून एकच बटण डोकावत राहतं. तेव्हा कारण शोधताना डोकं फिरतं.

‘ओपॅसिटी: ०’ बद्दल माझं मत कडक आहे: एकट्याने ते लपवण्यासाठी वापरूच नये. ते फक्त डोळ्यांपासून लपवतं. जागा तशीच राहते, क्लिक लागतात, टॅबने आत जाता येतं, स्क्रीन रीडर वाचतो. सुरुवातीला सांगितलेली रिकाम्या जागेतली भलतीच लिंक म्हणजे बहुतेक वेळा ‘ओपॅसिटी: ०’ दिलेला, बाकीच्या मजकुरावर पसरलेला मेनू असतो. ‘पॉइंटर-इव्हेंट्स: नन’ जोडलं की माउस आणि बोटाचा प्रश्न मिटतो, पण कीबोर्डचा मिटत नाही. टॅब दाबत जाणाऱ्याचा फोकस अदृश्य लिंकांमधून फिरत राहतो आणि आपण पानावर कुठे आहोत हे त्याला कळत नाही.

तरीही ओपॅसिटी सगळ्यांना हवी असते, कारण तिचा बदल हळूहळू करता येतो आणि ‘डिस्प्ले’चा बदल वर्षानुवर्षं खटकन होत आला आहे. यावरचा जुना आणि आजही भरवशाचा तोडगा म्हणजे ओपॅसिटी आणि व्हिजिबिलिटी यांची जोडी. मेनू बंद असताना ‘ओपॅसिटी: ०’ आणि ‘व्हिजिबिलिटी: हिडन’, उघडा असताना ‘१’ आणि ‘व्हिजिबल’, आणि ट्रान्झिशन दोन्हींवर, सारख्याच वेळाचं, समजा ०.२ सेकंदांचं. व्हिजिबिलिटीला मधल्या छटा नाहीत, तरी ती ट्रान्झिशनमध्ये भाग घेते, आणि नियम असा आहे की दोन टोकांच्या मधला सगळा वेळ ती ‘व्हिजिबल’ धरली जाते. त्यामुळे उघडताना मेनू पहिल्या क्षणापासून दृश्य असतो आणि उजळत येतो. मिटताना पूर्ण विरेपर्यंत दृश्य राहतो आणि शेवटी खरोखर लपतो. सेटटाइमआउट नको, जादा क्लास नको. क्रोममध्ये २०२३ पासून ‘डिस्प्ले’वरही ट्रान्झिशन लावण्याची सोय आली आहे, त्यासाठी ‘ट्रान्झिशन-बिहेव्हिअर: अलाऊ-डिस्क्रीट’ आणि ‘अ‍ॅट-स्टार्टिंग-स्टाइल’ लागतात. इतर ब्राउझरही त्या वाटेने आले आहेत, पण जुना फोन वापरणारा वाचक तुमच्याकडे असेल तर वरची जोडी सोडू नका. आणि काहीही हलवण्याआधी ‘प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ तपासा. हालचालीने घेरी येणारी माणसं असतात.

आता उलटी गरज: डोळ्यांना दाखवायचं नाही, पण कानांना ऐकवायचं आहे. ही गरज ओळखायला वेब जगताला थोडा वेळ लागला. २००३ च्या सुमारास मथळ्याच्या जागी सुंदर अक्षरांचं चित्र दाखवण्याची एक युक्ती गाजली. टॉड फार्नर यांच्या नावाने ती फार्नर इमेज रिप्लेसमेंट म्हणून ओळखली गेली. मथळ्याला पार्श्वभूमी म्हणून चित्र द्यायचं आणि खरा मजकूर एका स्पॅनमध्ये घालून ‘डिस्प्ले: नन’ करायचा. मजकूर एचटीएमएलमध्ये आहे म्हणजे अंध वाचकाला तो मिळेल, असं सगळे धरून चालले. त्याच वर्षी जो क्लार्क यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-मासिकात स्क्रीन रीडरवरच्या प्रत्यक्ष चाचण्या मांडल्या आणि दाखवलं की तो मजकूर अनेकदा वाचलाच जात नाही. मग मजकूर उणे ९९९९ पिक्सेल डावीकडे ढकलून देण्याची टूम निघाली. उर्दू किंवा अरबीसारख्या उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषेत तीच युक्ती पानाला मैलभर आडवा स्क्रोलबार लावून देई.

आज यासाठी एक स्थिरावलेला क्लास आहे. बूटस्ट्रॅपने त्याला आधी ‘एसआर-ओन्ली’ म्हटलं, पाचव्या आवृत्तीत ‘व्हिज्युअली-हिडन’ केलं. आत काय असतं? ‘पोझिशन: अ‍ॅब्सोल्यूट’, रुंदी आणि उंची प्रत्येकी १ पिक्सेल, ‘ओव्हरफ्लो: हिडन’, ‘क्लिप-पाथ: इनसेट’ ५० टक्के आणि ‘व्हाइट-स्पेस: नोरॅप’. माप शून्य ठेवत नाहीत, कारण शून्य मापाचा घटक काही स्क्रीन रीडर वगळू शकतात. शेवटची ओळ अनावश्यक वाटून बरेच जण काढून टाकतात. काढू नका. एका पिक्सेलच्या रुंदीत प्रत्येक शब्द नव्या ओळीवर जातो, आणि मग काही स्क्रीन रीडरांनी शब्दांमधली जागाच गाळून सगळं एका दमात जोडून वाचल्याची उदाहरणं आहेत.

हा क्लास कुठे लावायचा? भिंगाचं चित्र असलेल्या बटणात ‘शोधा’ हा शब्द असावा. पाच ठिकाणी ‘अधिक वाचा’ लिहिलेलं असेल तर प्रत्येकापुढे लेखाचं नाव असावं, कारण लिंकांची नुसती यादी ऐकणाऱ्याला पाच वेळा ‘अधिक वाचा’ ऐकून काहीच कळत नाही. पानाच्या अगदी वर ‘मुख्य मजकुराकडे’ ही लिंक ठेवावी. ती एरवी लपलेली असावी आणि टॅबने फोकस आला की दिसावी. असा लपवलेला मजकूर मराठी असेल तर पानाच्या एचटीएमएल टॅगवर ‘लँग’चं मूल्य मराठीचं, म्हणजे ‘एमआर’, असायलाच हवं, नाहीतर वाचणारा आवाज भलत्याच भाषेचे उच्चार लावू शकतो.

लपवण्याचा एक चुकीचा प्रकार सांगतो, कारण तो चांगल्या चांगल्या डिझाइनमध्ये दिसतो. स्वतःच्या धाटणीचा चेकबॉक्स काढायचा म्हणून मूळ इनपुट ‘डिस्प्ले: नन’ करतात आणि लेबलवर चित्र काढतात. माउसने तो चालतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. कीबोर्डवाल्यासाठी मात्र तो उरतच नाही. त्याऐवजी मूळ इनपुट ‘व्हिज्युअली-हिडन’ केलं तर कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर दोघांना सापडतं, पण एक अडचण राहते: अँड्रॉइडच्या टॉकबॅकवर पडद्यावरून बोट फिरवत घटक शोधणाऱ्याला तो एका पिक्सेलात कसा सापडणार? इथे ‘ओपॅसिटी: ०’ खऱ्या अर्थाने कामाला येते. मूळ इनपुट काढलेल्या चौकोनाच्या बरोबर वर, त्याच मापात पसरा आणि पारदर्शक करा. डोळ्यांना तुमचं चित्र दिसेल, बोटाला आणि कानाला खरा चेकबॉक्स मिळेल. फोकस आला की चित्राभोवती रेघ उमटवायला ‘फोकस-व्हिजिबल’ वापरा.

कानांपासून लपवायचं आणि डोळ्यांना दाखवायचं, असंही असतं. शोभेचं आयकन, नुसता बाण, मजकुरातलंच पुन्हा सांगणारं चित्र. हे सीएसएसच्या हातात नाही. त्यासाठी ‘एरिया-हिडन’ हा एचटीएमएल गुणधर्म आहे. लिंक किंवा बटणावर, किंवा ज्याच्या पोटात लिंका आहेत अशा घटकावर तो लावू नका. फोकस तिथे जाईल आणि स्क्रीन रीडरला मात्र सांगायला काहीच नसेल. खिडकी उघडल्यावर मागचं सगळं पान थंड करायचं असेल तर ‘इनर्ट’ लावा. २०२३ मध्ये फायरफॉक्सने तो स्वीकारल्यापासून तो सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे. ‘डायलॉग’ टॅग ‘शोमोडल’ने उघडला तर तेही करावं लागत नाही, ब्राउझरच करतो.

एचटीएमएलचा साधा ‘हिडन’ गुणधर्म मला आवडतो, पण तो फार नाजूक आहे. आत तो ‘डिस्प्ले: नन’च असतो, तोही ब्राउझरच्या स्वतःच्या स्टाइलशीटमधला. तुमच्या स्टाइलशीटमधला ‘डिस्प्ले’चा कुठलाही नियम त्याच्यावर मात करतो. कार्डाला ‘डिस्प्ले: फ्लेक्स’ दिलेलं असलं की ‘हिडन’ लावूनही कार्ड जागचं हलत नाही. ‘कोड बरोबर आहे, तरी लपत नाही’ ही तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच बघतो. स्टाइलशीटमध्ये चौकटी कंसातल्या ‘हिडन’ सिलेक्टरला ‘डिस्प्ले: नन’ आणि ‘इम्पॉर्टंट’ देऊन ठेवा. ‘इम्पॉर्टंट’ वापरण्याच्या मोजक्या रास्त जागांपैकी ही एक आहे.

क्रोमने २०२२ मध्ये ‘हिडन’ला ‘अंटिल-फाउंड’ हे मूल्यही दिलं. नेहमीच्या प्रश्नोत्तरांच्या पानावर उत्तरं मिटलेली असतात आणि कंट्रोल-एफने शोधलं तर ती सापडत नाहीत. या मूल्याने सापडतात आणि आपोआप उघडतात. जिथे ते चालत नाही तिथे साधं ‘हिडन’ म्हणून वागतं, म्हणजे नुकसान काही नाही. इथे मघाशी सांगितलेला ‘डिस्प्ले: नन’चा नियम मात्र लावू नका. हे मूल्य आतून ‘कंटेंट-व्हिजिबिलिटी’ वापरतं. नियमातून ते वगळलं नाही तर शोध लागणारच नाही. त्याच कुळातलं ‘कंटेंट-व्हिजिबिलिटी: ऑटो’ क्रोममध्ये २०२० साली आलं, २०२४ मध्ये फायरफॉक्स आणि सफारीतही पोहोचलं. ते लांबलचक पानाचा पडद्याबाहेरचा भाग रंगवण्याचं काम पुढे ढकलतं. दिवाळी अंकातली दीर्घकथा एकाच पानावर टाकणाऱ्यांनी ते वापरून पाहावं, सोबत ‘कंटेन-इंट्रिन्सिक-साइझ’ देऊन, नाहीतर स्क्रोलबार उड्या मारतो.

उंची शून्य करून मिटवण्याच्या पद्धतीत दोन खोड्या आहेत. पहिली सगळ्या भाषांना सारखी: ‘हाइट: ०’ आणि ‘ओव्हरफ्लो: हिडन’ दिलं तरी आतल्या लिंका टॅबला सापडतात, म्हणून मिटल्यावर ‘व्हिजिबिलिटी: हिडन’ जोडायलाच हवं. दुसरी खोडी मराठीत जास्त बोचते. इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेल्या घट्ट ओळ-उंचीत ‘ओव्हरफ्लो: हिडन’ दिलं की वरची वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खालचे उकार कापले जातात. मथळा एका ओळीत बसवून पुढे तीन टिंबं देणाऱ्या कार्डांमध्ये हे हमखास दिसतं: ‘कीर्ती’चा रफार वरून छाटलेला, ‘हृदय’चा खालचा फाटा गेलेला. ओळ-उंची फॉन्टनुसार १.५ ते १.७ ठेवा, किंवा वर-खाली थोडं पॅडिंग द्या, आणि तपासताना नेहमीच्या डमी मजकुराऐवजी जोडाक्षरांनी भरलेलं मराठी वाक्य टाका.

सीएसएसने लपवलेलं गुप्त नसतं. पानाचा सोर्स उघडला की सगळं समोर. फक्त सभासदांसाठीची लिंक, व्यवस्थापकाचं बटण, अजून जाहीर न केलेली किंमत, कुणाचा फोन नंबर यांपैकी काहीही ‘डिस्प्ले: नन’च्या भरवशावर पाठवू नका, ज्याला पाहायचा अधिकार नाही त्याच्यासाठी सर्व्हरने ते पाठवताच कामा नये. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शोधशब्द पेरण्याचा जुना उद्योगही कुणी करत असेल तर गूगलच्या नियमांत तो स्पॅममध्ये मोडतो. टॅब आणि अकॉर्डियनमधला, वाचकाला उघडता येणारा मजकूर त्यात येत नाही.

आणखी एक सवय सोडण्यासारखी आहे. सगळे परिच्छेद सीएसएसने लपवायचे आणि स्क्रोल करताना जावास्क्रिप्टने एकेक उलगडायचे. रेंज नसलेल्या ठिकाणी स्क्रिप्टची फाइल अडकली की वाचकापुढे कोरं पान येतं. लपवायचंच असेल तर स्क्रिप्ट चालू झाल्यावर तिनेच मुळाच्या टॅगवर एक क्लास लावावा आणि लपवण्याचा नियम त्या क्लासवर अवलंबून ठेवावा. स्क्रिप्ट आली नाही, तर मजकूर आपला तिथेच.

छपाईसाठी ‘अ‍ॅट-मीडिया प्रिंट’मध्ये मेनू, शेअरची बटणं आणि तळाची पट्टी ‘डिस्प्ले: नन’ करा, आणि मिटलेले भाग मात्र उघडे करा, कागदावर कुणाला बाण दाबता येत नाही.

हे सगळं तपासायला महाग साधनं लागत नाहीत. माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबने पान पालथं घाला. फोकस मधेच नाहीसा झाला, तर तिथे अर्धवट लपवलेलं काहीतरी आहे. मग एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर किंवा फोनवरचा टॉकबॅक चालू करून तेच पान ऐका. घटक स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचतो का, हे डेव्हलपर टूल्सच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागातही दिसतं. क्रोमच्या एलिमेंट्स विभागात एखादा घटक निवडून ‘एच’ ही कळ दाबली की तो लपतो, पुन्हा दाबली की येतो. ही कळ आतून ‘व्हिजिबिलिटी: हिडन’ लावते. त्यामुळे ती दाबल्यावर मांडणी हलली नाही म्हणून खऱ्या पानावर ‘डिस्प्ले: नन’ लावताना मांडणी तशीच राहील, असं मात्र धरू नका.